ओवाळणीतला डबा

अकोल्यात गोरक्षण रोडवर इंगोले मॅडमचं घर विचारलं तर पानठेलेवाला ठेला सोडून दाखवायला येतो. त्यालाही मॅडमनीच कॉम्प्युटर शिकवला होता. तो शिकला नाही ही गोष्ट वेगळी. तारा इंगोलेने एका खाजगी क्लासमध्ये बावीस वर्षं पोरांना माउस धरण्यापासून सगळं शिकवलं. गावातल्या बँकांत, तहसिलीत, दवाखान्यांच्या काउंटरवर तिचे विद्यार्थी बसलेले आहेत आणि ती रांगेत दिसली की खुर्चीतून अर्धवट उठून नमस्कार करतात. घर मात्र तिचं नाही. ते थोरल्या भावाचं, उद्धवरावांचं. मागची एक खोली तिची, आणि त्या खोलीतही गव्हाच्या दोन कोठ्या आणि वहिनीची शिलाई मशीन.

आईच्या आजारपणात तिचं लग्न राहून गेलं. लोक असंच म्हणतात, राहून गेलं, जणू तीच ते कुठे ठेवून विसरली होती. आता ती चोपन्न वर्षांची आहे.

यंदा मे महिन्यात क्लास बंद पडला. मशिनी भंगारात गेल्या. मालकाने आठवण म्हणून तिला एक मॉनिटर दिला. खरं तर तो भंगारवाल्यानेच घेतला नाही म्हणून दिला, पण त्याचा पडदा चांगला होता. तिने तो ऑटोत मांडीवर धरून घरी आणला.

भंगारात तिचं एक शहरही गेलं. क्लासच्या कोपऱ्यातल्या मशीनवर दहा वर्षांपूर्वीचा एक खेळ होता, शहर वसवायचा. मोकळं रान मिळतं. रस्ते टाकायचे, पाणी आणायचं, घरांना जागा द्यायची, मग माणसं राहायला येतात. रविवारी प्रॅक्टिकल आटोपलं की तारा तासभर खेळायची, तेही दार लोटून, कारण पोरांना खेळताना पकडून रागावणारी तीच. तिच्या शहराची वस्ती तेरा हजारांवर गेली होती. कोणता रस्ता कुठून जाईल हे तिथे तिला कोणी सांगत नव्हतं. एवढ्या एका कारणासाठी तिला तो खेळ प्राणापलीकडे आवडायचा.

तिला पुन्हा शहर वसवायचं होतं, आणि त्यासाठी मिनी पीसी हवा होता. मोठा कॉम्प्युटर कोठ्यांच्या मधे मावत नव्हता. लॅपटॉप तिला नको होता, कारण लॅपटॉप उचलता येतो, आणि या घरात जे उचलता येतं ते कोणीतरी उचलून नेतंच. मॉनिटर होता, कीबोर्ड होता, त्यांना जोडायला हातभर जागेत बसणारा एक डबा मिळाला की झालं.

तीन आठवडे ती मोबाइलवर शोधत होती आणि वहीत लिहीत होती. नुसत्या बातम्या आणि व्हिडिओ पाहायचे तर कोणताही डबा चालतो, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. खरी परीक्षा जुन्या खेळाची. स्वस्तातले नवे डबे दिसायला झकपक, पण आत जेमतेम जिवाचा प्रोसेसर, आणि मेमरी बोर्डालाच चिकटवलेली, म्हणजे पुढे वाढवायची सोय नाही. त्यापेक्षा मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले, साफसूफ करून विकायला ठेवलेले छोटे डबे बरे. चार-पाच वर्षं वापरलेले असतात पण दणकट. उघडता येतात. मेमरीच्या दोन पट्ट्या जोडीने टाकल्या की चित्रही भराभर सरकतं. तिने असा एक निवडला, विकणारा निवडला, वॉरंटी विचारून घेतली, आणि वहीच्या त्या पानावर लाल शाईने रेघ मारली. आयुष्यात पहिल्यांदा एक वस्तू तिने अशी निवडली होती की जिच्यात दुसऱ्या कोणाची सोय पाहिलेली नव्हती.

न सांगता पार्सल दारात आलं असतं तर दहा प्रश्न झाले असते, म्हणून तिने आधी सांगितलं. इथेच चुकलं.

"दादा, मी एक कॉम्प्युटर मागवून राहिली."

उद्धवरावांनी पेपर खाली ठेवला. "मागवून राहिली? अन् मी काय मेलो काय? भाऊबीज तोंडावर आली. भाऊ असतांना बहीण सोता वस्तू आणते, लोकं काय म्हनतीन?"

"लोकायले कोन सांगते? मले लागते म्हनून..."

"मी घेऊन देतो न! कोनता घ्याचा ते कुलदीपरावले विचारू. त्यायले समजते त्यातलं."

कुलदीपराव म्हणजे उद्धवरावांचे जावई, अमरावतीला एका सिमेंटच्या एजन्सीत कामाला. त्यांना समजतं याचा पुरावा एवढाच की ते दरवर्षी मोबाइल बदलतात.

"मीनं ठरोला हाये, दादा. वहीत लिवला हाये."

"मंग पाठव न वही त्यायले. आपन काय नाही म्हनतो काय?"

बावीस वर्षं कॉम्प्युटर शिकवलेल्या बाईने वहीच्या पानाचा फोटो काढून सिमेंट विकणाऱ्या माणसाला पाठवला. उत्तरात एक अंगठा आला.

भाऊबीजेला लेक-जावई आले. ताराने पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, भावाला ओवाळलं. उद्धवरावांनी तबकात सोनेरी कागदात गुंडाळलेलं खोकं ठेवलं. त्यांचा चेहरा खरोखर आनंदाने फुलला होता, हे कबूल केलंच पाहिजे. कुलदीपराव मोबाइलवर व्हिडिओ घेत होते.

"उघडा न आत्याबाई!"

आत साबणाच्या दोन वड्यांएवढा काळा कुळकुळीत डबा होता, पुढे निळा दिवा. ताराने तो पालथा केला आणि खाली चिकटवलेली प्रोसेसर-मेमरीची चिठ्ठी वाचली. तेवढ्यावरून तिला सगळं कळलं. वहीत तिने ज्यांच्यावर फुली मारली होती, त्यांतलाच तो होता.

"कुलदीपराव, मीनं लिवून देल्ला होता तो..."

"तो वापरलेला होता, आत्याबाई! ओवाळनीत कोनी वापरलेली वस्तू देते काय? अपशकुन!" सगळे हसले. "हा कोरा हाये. अन् तुमाले लागते काय? भजनं, बातम्या, यूट्यूब. तेवढं त फस्सक्लास चालते याच्यात."

तबकात पडलेली ओवाळणी परत करत नाहीत आणि जावयाच्या निवडीला नाव ठेवत नाहीत. शेकडो पोरांना प्रॅक्टिकलमध्ये डोळ्याची पापणी न हलवता नापास करणारी तारा म्हणाली, "छान हाये." तो व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला आणि अंजनगावपासून परतवाड्यापर्यंत उद्धवरावांचं कौतुक झालं.

तरी तिने प्रयत्न करून पाहिला. खेळ उतरवायला दुपार गेली. सुरू व्हायला इतका वेळ लागला की तेवढ्यात तिची डाळ शिजली. रान दिसलं. तिने एक रस्ता टाकला; तो अडखळत अडखळत अर्धा उमटला, आणि पडदा आपोआप बंद झाला. पाच वेळा तेच. सहाव्यांदा तिने केलंच नाही. तिला राग आला, भावाचा नाही, जावयाचाही नाही, "छान हाये" म्हणणाऱ्या स्वतःच्या जिभेचा. दुसरा मागवावा असं मनात आलं, पण घरात एक असताना दुसरा आणणं म्हणजे भावाने दिलेला पसंत नाही अशी दवंडी पिटणं. ते तिच्याने होईना.

आठवडाभराने उद्धवराव म्हणाले, "तो डबा नुसता पडून हाये त हॉलमधे टीव्हीले लावू. मोठ्या पडद्यावर तूबी पाह्यजो." डबा टीव्हीमागे गेला. त्यावर संध्याकाळी कीर्तनं चालतात आणि दुपारी वहिनीच्या मालिका.

डिसेंबरात आकांक्षाचा फोन आला. ही तिची जुनी विद्यार्थिनी, अमरावतीला शिक्षिका. तिला आणि नवऱ्याला घरी एक छोटा कॉम्प्युटर हवा होता, थोडं काम, थोडे जुने खेळ. "मॅडम, तुमी सांगसान तोच घेतो." ताराने वहीचं तेच पान पाठवलं. या वेळी अंगठा आला नाही. दहा दिवसांनी फोन आला, "मॅडम, आला. तुमीच येऊन चालू करून द्या."

तारा सकाळच्या एसटीने अमरावतीला गेली. डबा तिने लिहिला होता तसाच, तंतोतंत. कोपऱ्याला एक ओरखडा, बाकी ठणठणीत. तिने तो उघडून पाहिला, मेमरीच्या दोन्ही पट्ट्या नीट बसल्यात का ते पाहिलं, चालू केला. मग तपासायला म्हणून आपला खेळ उतरवला. रान लगेच दिसलं. रस्ता टाकला, सरळ उमटला. आकांक्षा चहा ठेवून गेली, तो गार झाला. दुपारचं जेवण पुढ्यात आलं. चार वाजेस्तोवर शहरात नऊशे माणसं राहायला आली होती आणि तारा नदीवर पूल बांधत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते तिने पदराने टिपलं नाही, कारण दोन्ही हात कामात होते.

मग तिने खेळ बंद केला आणि मशीनवरून पुसून टाकला.

"राहू द्या न मॅडम," आकांक्षा म्हणाली. "येत जा कधीमधी."

"कायले? तुमची जागा अडते," तारा म्हणाली आणि चप्पल घातली.

ती घरी पोचली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. हॉलमध्ये कीर्तन चालू होतं.

"दिवसभर कुठं गेलती वं?" उद्धवरावांनी विचारलं.

"अमरावतीले. माहा कॉम्प्युटर पाह्याले."

"तुहा त हा काय, टीव्हीमागं हाये."

तारा खांद्यावरची पिशवीही न काढता उभी राहिली. चोपन्न वर्षांत भावासमोर ती असं बोलली नव्हती.

"नाही दादा. हा तुहा हाये."

उद्धवरावांनी कीर्तनाचा आवाज बारीक केला. "आयकलं काय वं?" त्यांनी आत बायकोला हाक मारली. "बहिनीनं आपली वस्तू माह्याच नावानं केली! म्हनते, हा तुहाच हाये. असं काळीज लागते!" त्यांनी लगेच जावयांना फोन लावला, सगळं जसंच्या तसं सांगितलं, आणि फोन तिच्यापुढे धरला. "घे, कुलदीपरावले थँक्यू म्हन."

ताराने फोन कानाला लावला आणि थँक्यू म्हटलं.