मे महिन्यातला माका

आमच्या पाटोद्यात मे महिन्यात अंगण हिरवं असणं म्हणजे गुन्हाच. आणि माझ्या अंगणात पिवळा माका नुसता माजला होता! वडवणीच्या नणंदेच्या दारातून बोटभर काडी आणलेली. कांडं टेकेल तिथं मूळ धरायचं, हा त्याचा स्वभाव. बघता बघता भिंतीपर्यंत गालिचा, वर बटणांएवढी पिवळी फुलं. मी त्याला फक्त धुण्याचं पाणी घालत होते. पण ते पटणार कुणाला?

शेजारच्या मामांना तर मुळीच नाही. त्यांचा हौद आमच्या सामाईक भिंतीला लागूनच, आणि नळ येऊन गेला की चार दिवसांत तळाला जायचा. एका सकाळी त्यांनी गल्ली गोळा केली, नळ सोडणाऱ्यालाही धरून आणलं.

"बघा की! माणसाला प्यायला न्हाई अन् हिच्या गवताला फुलं! खालून चोरून पाईप घेतलाय हिनं."

"पाईप निघाला तर नळ तोडावा लागंल, वहिनी," नळवाला म्हणाला.

मी चोर नव्हते. पण घर आम्ही विकत घेतलेलं. आधीच्या मालकानं जमिनीत काय पुरलंय, देव जाणे! नळ तुटला तर सगळा उन्हाळा हंडा घेऊन दारोदार.

"खणा!" मी नाटकातल्या राणीसारखा हात उंचावला.

"लई हिरवं हाय तिथं खणा," मामांनी भिंतीकडं बोट दाखवलं.

आमच्या ह्यांनी टिकाव घातला. माती ओली निघाली. गल्ली वाकून बघायला लागली. ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मलाच माझा संशय यायला लागला.

"म्हणलं न्हवतं?" मामा फुलले.

आणखी खणलं. चिखल झाला, पण पाईप काही दिसेना. माक्याची मुळं मात्र भिंतीखाली शिरलेली. नळवाला वाकला, हात घालून चाचपत हळूच म्हणाला, "मामा, तुमचा हौद गळतोय."

भिंतीपलीकडून मामींचा आवाज आला, "आता करा की गल्ली गोळा!"

हौदाला त्याच दिवशी सिमेंट लागलं. माझा नळ वाचला, पण भिंतीकडचा माका माना टाकायला लागला. आठवड्यानं सकाळी भिंतीवरून बादलीभर साबणाचं पाणी धप्पकन त्याच्यावर पडलं. मी डोकावले. पलीकडं मामा, हातात रिकामी बादली.

"कावून हो मामा?"

"निसटली."

दुसऱ्या दिवशीही निसटली. मी पुन्हा डोकावले.

"बघती काय? माझ्या हौदाचं पिऊन वाढलंय ते. मरू देऊ व्हय?"