अनघाच्या अंगणातला सीडर

सिअ‍ॅटलच्या विमानतळावर तपासणीवाल्यानं माझ्या पिशवीतला कढीपत्ता काढून घेतला. म्हणे, झाडांचे रोग येतात. चिपळूणहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणला होता मी. असा राग आला! लेक हसेल म्हणून तिला सांगितलं, तर अनघा नुसतं "हं" म्हणाली आणि रेडमंडमधल्या तिच्या घरापर्यंत ड्राइव्ह करत राहिली.

अनघा आर्किटेक्ट. स्वतः डिझाइन केलेल्या इमारतीतच राहते. छतावर गवत, भिंतींवर वेली, पावसाचं पाणी जायला छोटं तळं आणि कोर्टयार्डमध्ये (मधल्या अंगणात) जुना सीडर (आपल्या देवदारासारखा उंच वृक्ष). बिल्डर तो पाडणार होता. ही भांडभांड भांडली आणि चारही मजले त्याच्याभोवती वळवून घेतले. प्रत्येक घराची मोठी खिडकी त्याच्याकडे. त्याचे फोटो मी अख्ख्या आळीला दाखवले होते.

प्रत्यक्षात झाड शेंड्यापासून निम्मं तपकिरी पडलं होतं. खोडाला नारिंगी फीत बांधलेली.

"उद्या कट करणार आहेत, आई," ती म्हणाली. "फाउंडेशन खणताना मुळं तुटली. अंतर सोडलं होतं गं मी. पुरलं नाही."

मी मेतकूट-भात कालवून दिला. चार घास खाऊन तिनं ताट सारलं. "आजोबा फणसाचं झाड तोडायच्या आधी काय करायचे?"

आमच्याकडे आदल्या संध्याकाळी झाडाच्या बुंध्याशी अक्षता, सुपारी, नारळ ठेवतात. झाडाची माफी मागायची आणि वरच्या पाखरांना सांगायचं, बाबांनो, दुसरीकडे बिऱ्हाड करा.

भुरभुर पावसात आम्ही दोघी खाली गेलो. बाकावर शेजारची अमेरिकन म्हातारी बसली होती. काय चाललंय, तिनं विचारलं. अनघानं समजावलं, तशी ती उठून टोपी काढून उभी राहिली.

"आता तू बोल," मी अनघाला म्हटलं.

तिनं खोडाला हात लावला. "आई, तूच सांग ना."

मग मी सांगितलं, लेकरू आहे, पोटात घाल. तुला वाचवायलाच गेली होती.

दुसऱ्या दिवशी करवत चालू होती तोवर ती खिडकीतून हलली नाही. मला बघवेना. "पडदा तरी ओढ," म्हटलं.

"इथे कुणाकडेच पडदे नाहीत," ती म्हणाली. "झाड होतं ना."

परतताना विमानात एकच घोळत राहिलं. जमिनीवर दिसतं तेवढ्यासाठी माझी पोर जिवाच्या आकांतानं भांडली, आणि झाड मेलं ते खालून.

उन्हाळा लागल्यावर तिचा फोन आला. "घरात मस्त ऊन येतंय, आई. सगळे खूश आहेत. मला थँक यू म्हणतात." मागे ड्रिलचा आवाज येत होता.

"काय चाललंय गं?" मी विचारलं.

"पडदे लावून घेतेय."