परदेशाचं पान

लालबागच्या आमच्या वाचनालयात रोज सकाळी एक बाई यायच्या. भाजीची पिशवी पायांशी ठेवून उभ्यानेच पेपरातलं परदेशाचं पान वाचायच्या. अमेरिका हा शब्द आला की त्यावर बोट टेकवून पुटपुटायच्या.

एकदा मी विचारलंच, "मावशी, एवढं अमेरिकेचं काय वाचता?"

"माझो झील तेलाच्या बोटीवर आसा," त्या मुलाबद्दल सांगू लागल्या. "तांबड्या समुद्रातनं चाललाय, तिथे बोटींवर हल्ले होतात. तिथे अमेरिकेच्या लढाऊ बोटी बघून आधी वाटायचं, ह्या आता लढाई पेटवणार. आता तेच अमेरिकावाले म्हणतात, दुसऱ्यांच्या बोटी आम्ही कशाला राखायच्या? मग तर जास्तच भीती वाटते."

आजवर मी ते पान उलटून सरळ क्रिकेटकडे जायचो. त्या दिवशी जमलं नाही.

त्याच आठवड्यात वाचनालयातच त्यांचा फोन वाजला. बोट तांबड्या समुद्रातून सुखरूप बाहेर पडली होती. त्यांनी मुलाला फक्त "जेवलंस मा?" एवढंच विचारलं आणि फोन ठेवल्यावर भिंतीला टेकून रडल्या.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा पेपरापाशी उभ्या.

"आता कसली काळजी, मावशी?"

पानावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "तेका त्याच वाटेन परत येवचा आसा ना."