जीपच्या पोटाखालचा पत्रा

रामनगरचा तो मिस्त्री माणसांशी कमी आणि जीपच्या पोटाशी जास्त बोलायचा. अणशीच्या वाटेवर दगड लागून आमच्या जुन्या जीपचं इंजिनखालचं तेलाचं चेंबर दोनदा फुटलं होतं, आणि मला तर बाळंतपणाला बेळगावला जायचं होतं. त्यानं मोडीतल्या लष्करी ट्रकचा जाड पत्रा शोधून आणला आणि खाली बसवण्याआधी त्याला मधोमध भोक पाडलं.

मी अतिशहाणी ओरडले, "अहो, चांगल्या पत्र्याला भोक कशाला?"

"मग जुनं तेल खाली सोडायला जीप पालथी घालू काय, वैनी?"

पत्रा बसला, तरी त्यानं मला चढू दिलं नाही. एकटाच जीप घेऊन दगडांवरून आपटत फिरून आला. कपाळावर टेंगूळ होतं. खाली वाकून बघत म्हणाला, "पत्र्याला पोचा आलाय, चेंबर साबूत हाय. आता बसा."