अप्पांचे पाय

मे महिन्यात सोलापूरच्या रस्त्यावर चालायचं म्हणजे डांबर चपलेला चिकटून घरापर्यंत येतं. अशा भर दुपारी लोकरीचा स्वेटर घातलेला, कानाला मफलर गुंडाळलेला आणि पाठीवर ज्वारीचं पोतं घेतलेला एक माणूस चाललेला दिसला, तर परगावचा पाहुणा त्याला वेडा समजे. आम्ही समजत नव्हतो. अप्पा कुठे चाललेत हे आम्हाला ठाऊक होतं. ते बर्फाच्या कारखान्यात चालले होते. तिथे गेल्यावर पोतं, मफलर, स्वेटर सगळं उतरवून ते नुसत्या लंगोटावर बर्फाच्या लादीवर मांडी घालून बसत. उन्हात स्वेटर आणि बर्फावर उघडं, यामागचं शास्त्र त्यांचं त्यांनाच माहीत. लाद्या उचलायला आलेले गारेगारवाले त्यांच्याभोवती गोल करून उभे राहत, आणि अप्पा डोळे मिटून म्हणत, "सवय पायजे. दुसरं काय न्हाय."

बर्फअप्पा हे नाव त्यांना तिथेच मिळालं. त्याआधी ते काठीचे अप्पा होते. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघतात, त्यांना आम्ही काठी म्हणतो. दुमजली घराच्या वर जाणारी, शेंड्यापासून खालपर्यंत सजवलेली ती काठी कमरेच्या पट्ट्यात उभी पेलायची आणि पांढरी बाराबंदी घालून भर गर्दीत अनवाणी चालायचं. अप्पा एरवी चादरीच्या दुकानात गादीवर बसून गिऱ्हाइकांपुढे चादरी उलगडत आणि पुन्हा घड्या घालत. वर्षभर ते असे घड्या घालणारे असत आणि यात्रेत मात्र सगळं गाव माना वर करून त्यांची काठी बघे. त्या एका चालीवर ते उरलेलं वर्ष काढत.

काठी कोण पेलणार हे सरावाच्या वेळी मल्लप्पाकाका ठरवत. हा म्हातारा कुणाचे दंड बघत नसे, छाती बघत नसे. एका दगडावर बसून म्हणे, "पाय बघू." मग समोरच्याला रिकामंच चालायला लावून तो त्याच्या पायाची बोटं न्याहाळी. "काठी हातात नसती रे," तो सांगे. "बोटांवर उभी असती. बोटांनी भुई धरली तर काठी राहती." बोटं पसंत पडली नाहीत तर त्याचं एकच वाक्य असे. "ह्या साली न्हाय. फुडच्या साली बघू." त्या वाक्यावर अपील नव्हतं.

बहात्तरचा दुष्काळ संपला त्याच्या पुढच्या यात्रेत अप्पांची काठी जरा कलली. पडली नाही, फक्त कलली आणि सावरली. पण आमच्या गावाला तेवढं पुरतं. दुकानासमोरच्या चहाच्या हॉटेलात आम्ही कॉलेजची टवाळ पोरं बसलेलो असायचो.

"अप्पा, काठी वाकली म्हणं?"

"वारं होतं."

"तुमचीच पाळी बघून सुटलं व्हय वारं?"

अप्पा चादरीची घडी तेवढी जोरात घालत. पुढच्या सरावाला ते गेले तेव्हा मल्लप्पाकाकांनी त्यांचे पाय पाहिले आणि आपलं ते वाक्य म्हटलं. अप्पांच्या जागी काकांचा धाकटा मुलगा बसवराज उभा राहिला. अप्पा बाराबंदीचं गाठोडं काखोटीला मारून घरी आले आणि ती यात्रा त्यांनी आजारी पडून काढली. आम्ही त्यांना बघायला गेलो, बरोबर प्रसाद नेला, आणि बसवराजची काठी कशी सुईसारखी सरळ गेली ते अगदी तपशीलवार सांगितलं.

अशा माणसाच्या दुकानात पुण्याची गिर्यारोहण करणारी पोरं चादरी घ्यायला आली. हिमालयातल्या कुठल्याशा बर्फाच्या शिखरावर ती निघाली होती. त्यांच्या पुढाऱ्याला दाढी होती आणि बोलणं फार शुद्ध होतं. अप्पांनी चादरींचा गठ्ठा एका हाताने उचलून टांग्यात ठेवला आणि विचारलं, "मला न्या की." पोरं हसली. पण गठ्ठा त्यांनी पाहिला होता. ओझं उचलायला आणि रॉकेलच्या स्टोव्हवर पिठलं-भाकरी करायला माणूस हवाच होता, म्हणून अप्पा मोहिमेत आले. आमचा जिल्हा पोळपाटासारखा सपाट. उंच म्हणजे गिरणीची चिमणी, आणि तिच्यावर चढायची परवानगी नव्हती. अप्पांनी चढायचा सराव पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर केला आणि थंडीचा बर्फाच्या कारखान्यात.

अप्पांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या काकूंचा, या सगळ्याला विरोध होता. "ब्याड री," त्या कानडीत एवढंच म्हणत, नको हो. आम्हाला मात्र त्यांनी मराठीत फोडून सांगितलं, "तितं बर्फावर बसत्यात आन् घरी येऊन दोन चादरी घेऊन कुडकुडत्यात. गरम पाण्याची पिशवी मी धरती पायाशी. सोसत न्हाय त्यास्नी थंडी, पर सांगायचं कुणाला?" ही बातमी आम्ही त्याच संध्याकाळी हॉटेलात वाटली.

जायच्या आधी अप्पा मल्लप्पाकाकांकडे गेले. बघायला अर्थातच आम्हीही गेलो.

"बर्फाचा डोंगर चढून आलो, तर काठी देणार का?"

काका सुपारी कातरत होते. "डोंगराचा आन् काठीचा काय संबंध?"

"पाय गेले म्हणता न्हवं माझे?"

"बरं," काका म्हणाले, "चढ जा. आलास की पाय दाखव."

गाडीला निरोप द्यायला आम्ही स्टेशनवर हार, नारळ आणि भाषणं घेऊन गेलो. एकाने तर चढाईच्या आधीच त्यांना विजयी वीर करून टाकलं. अप्पांचे डोळे भरून आले. आमचेही आले, पण ते हसू दाबल्यामुळे.

पुढचं सगळं मला त्या दाढीवाल्या पुढाऱ्याने सांगितलं आणि अप्पांनी ते कधी नाकारलं नाही. वरच्या तंबूत एका पोराला ओकाऱ्या सुरू झाल्या, म्हणून दोराला त्याच्या जागी अप्पांना बांधलं. चढले ते उत्तम. पुढारी रागात होता, तरी हे त्याने कबूल केलं. शेवटच्या टप्प्यावर धुकं आलं. एका बर्फाच्या उंचवट्यावर अप्पांना थांबवून, दोर सोडून, पुढारी आणि दुसरा गडी पुढची वाट शोधायला जरा बाजूला गेले. अप्पांनी पुढे पाहिलं. पुढे चढ नव्हता, पांढरं धुकं होतं. त्यांच्या हिशेबी हाच माथा.

आता तुम्हीच सांगा, आमच्याकडचा माणूस देवाच्या माथ्यावर बूट घालून उभा राहील का? अप्पा खाली बसले आणि त्यांनी आधी बूट काढले, मग मोजे काढले. पिशवीतून बाराबंदी काढून स्वेटरांवर चढवली, कपाळाला विभूती लावली, वाटेच्या खुणेसाठी आणलेली निशाणाची काठी कमरेच्या पट्ट्यात उभी केली आणि बर्फात अनवाणी ठाण मांडून गजर सुरू केला, "हर्र बोला हर्र." गजर थोडक्यात आटोपणं त्यांच्या रक्तात नव्हतं. यात्रेत जेवढा होतो तेवढा झाला. पुढारी परतला तेव्हा नारळ फोडणं चाललं होतं. नारळ गोठला होता, फुटत नव्हता.

"अहो, हे काय करताय आपण? बूट घाला आधी."

"माथ्यावर बूट?"

"हा माथा नाहीये."

"मग माथा कुटं हाय?"

तेवढ्यात धुकं उघडलं. पुढाऱ्याला बोट दाखवावंच लागलं नाही. गल्लीच्या टोकाला देऊळ दिसावं इतक्या जवळ शिखर उभं होतं, स्वच्छ, उन्हात न्हालेलं. अप्पांनी ते नीट पाहिलं आणि म्हणाले, "मग चला की." ते बूट घालायला बसले. बूट लाकडासारखे ताठ झाले होते, मोज्यांचे पापड झाले होते आणि पाय कुठे संपतात ते अप्पांना कळत नव्हतं. मोहीम तिथेच संपली. त्यांना पाठुंगळी घेऊन सगळ्यांना खाली यावं लागलं, त्या शिखरावर कुणाचाच पाय लागला नाही. "वर्षभर तयारी केली होती आम्ही," पुढारी दात खाऊन मला म्हणाला, "आणि तुमचे अप्पा आमच्या शिखराच्या उंबऱ्यावर पायताण काढून बसले."

हे त्याने मला सोलापूरच्या फलाटावर सांगितलं. आम्हाला अप्पा येणार एवढाच निरोप होता, बाकी काही नाही, म्हणून आम्ही वाजंत्री नेली होती. गाडी थांबली आणि अप्पा उतरले ते हमालाच्या हातगाडीवर, दोन्ही पाय पांढऱ्या पट्ट्यांत बांधलेले. वाजंत्रीवाल्याने मला विचारलं, "वाजवू का थांबू?" मी काही बोलायच्या आत अप्पाच म्हणाले, "वाजीव की. बोलावलंय न्हवं तुला?" मग लग्नाच्या वरातीचं एक गाणं, त्यांना तेवढंच येत होतं, स्टेशनपासून दवाखान्यापर्यंत वाजत गेलं. गारेगारवाले रस्त्याच्या कडेला उभे राहून बघत होते. बर्फाचे पैसे घेणारे तेच, पण इतका महाग बर्फ त्यांनीही पाहिला नव्हता.

दवाखान्यातून अप्पा आले तेव्हा उजव्या पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, एवढाच ऐवज शिल्लक होता. डाव्या पायाची पाचही साफ गेलेली. तरी सरावाच्या पहिल्या दिवशी बाराबंदी घालून ते मल्लप्पाकाकांच्या दगडासमोर हजर झाले. "पाय दाखवायला आलोय," म्हणाले आणि पट्ट्या सोडल्या. काकांनी वेळ घेऊन पाहिलं. आम्ही सगळे मागे टाचा उंचावून उभे.

"उजव्याची दोन हायत की," काका म्हणाले.

"उभी धरून दाखवतो."

काकांनी नाही म्हणायला हवं होतं. ते म्हणाले, "द्या रे त्याला." चार जणांनी काठी आणून अप्पांच्या पट्ट्यात उभी केली आणि हात काढले. काठी उभी राहिली. अगदी सरळ. अप्पांच्या तोंडावर जे हसू आलं तसं मी पुन्हा कुणाच्या तोंडावर पाहिलं नाही. मग काका म्हणाले, "चाल." अप्पांनी पाऊल उचललं. काठी शेंड्यापासून कलली, चौघांनी झेप घेऊन धरली, आणि अप्पा मातीत बसले.

"उभी तर राहिली न्हवं?"

"उभा खांबबी राहतो, अप्पा. ह्या साली न्हाय. फुडच्या साली बघू."

पुढच्या साली काय बघणार होते देव जाणे. बोटं उगवत नाहीत. पण म्हाताऱ्याने वाक्य पुरं म्हटलं, अर्ध्यावर सोडलं नाही.

दोन वर्षांत मल्लप्पाकाका गेले आणि सरावाला पाय बघायला कुणी उरलं नाही. तेव्हा अप्पा आधाराची काठी टेकत आले आणि सरळ त्या दगडावर बसले. आम्हाला गंमत वाटली. पहिला समोर आला तो बसवराज.

"पाय बघू," अप्पा म्हणाले. बसवराजला त्यांनी चालवलं, वळवलं, पुन्हा चालवलं. "अंगठा उचलतोयस. ह्या साली न्हाय. फुडच्या साली बघू."

"कोण बोलतंय बघा की," बसवराज म्हणाला.

"ज्याची गेली त्योच बोलतोय."

सगळे हसले, आणि त्या हसण्यात निकाल कायम झाला. गावाला म्हातारा हवाच होता, आणि बोटांची किंमत अप्पांइतकी कुणी मोजलेली नव्हती. पुढच्या साली बसवराज पुन्हा आला. पुन्हा तेच वाक्य. त्याच्या पुढच्या सालीही तेच. तो घरी अंगठ्याला दोरा बांधून चालतो असं ऐकलं, म्हणून मी एकदा दुकानात अप्पांना विचारलंच, "खरंच उचलतो का हो तो अंगठा?"

अप्पांनी चादरीची घडी घातली. तिच्यावरून हात फिरवला. "सोन्यासारखे पाय हायत त्याचे," ते म्हणाले. "बापापेक्षा चांगले."

"मग?"

"मल्लप्पानं माझे पाय नापास केले तवा माझी धाच्या धा बोटं जाग्यावर होती."

एवढं बोलून ते इतके गोड हसले की मी चहा सांगितला. पुढे मी कचेरीत लागलो, साहेब झालो, अर्जदारांना पुढच्या वर्षी बघू असं म्हणायची वेळ अनेकदा आली. दरवेळी मला तो चादरीवरून फिरणारा हात आठवायचा आणि वाक्य माझ्या तोंडून छान सफाईने निघायचं.

अप्पा गेले ते ऐन सरावाच्या दिवसांत. आमच्याकडच्या लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना बसवलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात हार. काकूंनी मांडीवरून दुकानातली एक नवी चादर पायांपर्यंत सोडली होती. येणारा जो तो चादरीवरच डोकं टेकवी, कारण हिमालयातून आल्यापासून अप्पांनी कुणाला पायांना हात लावू दिला नव्हता. नमस्काराला कुणी वाकलं की ते पाय आत ओढून घेत.

बसवराज आला. हार घातला. मग तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने चादरीचं टोक उचललं. दगडासमोरच्या त्या दिवसानंतर ते दोन्ही पाय सगळ्यांनी पहिल्यांदाच असे उजेडात पाहिले. बसवराज मात्र बापासारखाच बघत होता, मान वाकडी करून, आधी उजवा, मग डावा.

"ह्या साली न्हाय, अप्पा," तो म्हणाला. "फुडच्या साली बघू."

मागे कुणीतरी फुसकन हसलं. तो मी होतो की दुसरा कुणी, आता सांगता येत नाही. काकू मात्र रागावल्या नाहीत. त्या पुढे झाल्या, बसवराजच्या हातातून चादरीचं टोक त्यांनी काढून घेतलं आणि पायांखाली नीट खोचलं.

"बघितलंस न्हवं? झाक आता," त्या म्हणाल्या. "थंडी सोसत न्हाय त्यास्नी."