बेल वाजल्यावर

हॅलिफॅक्स गावात जिना साफ करणं म्हणजे काय, हे आमच्या नोरीनएवढं कुणालाच कळत नव्हतं. थोरला भाऊ आहे म्हणून सांगत नाही, खरं ते खरं. पंधराव्या वर्षी तिची शाळा सुटली, आणि तेव्हापासून ती लोकांचे जिने साफ करायची. उभे, अरुंद, गालिचा ठोकलेले. कुठल्या पायरीच्या कोपऱ्यात धूळ राहिलीय, हे ती धूळ ओढायच्या मशीनच्या आवाजावरून सांगायची. आहे कुणाची अशी बहीण?

घरगुती यंत्रं तपासायच्या कारखान्यात तिला मीच कामाला लावलं. मी तिथे सामान उचलायला होतो. नवे व्हॅक्यूम क्लीनर आमच्याकडे यायचे, आणि तपासून कुठला चांगला ते आमच्या मासिकात छापून यायचं. शेडमध्ये तेरा पायऱ्यांचा लाकडी जिना होता, वर नुसती भिंत. मी मशीन घेऊन चढलो की लोक ओरडायचे, "वॉल्टर, देव भेटला तर आमचं नाव काढू नकोस!" गालिच्यात वाळू नि कुत्र्याचे केस मोजून घासायचे, मग नोरीन मशीन चालवायची. आमच्या ग्लेडहिलसाहेबांनी तराजू आणायच्या आत ती किती धूळ ओढली तो आकडा सांगायची. चुकली तर एखाद्या चिमटीनं.

एकदा एक लाल मशीन आलं. धूळ अशी ओढायचं की बघत राहावं. मी म्हटलं, "हेच पहिलं येणार."

"हे पडणार," नोरीन म्हणाली.

"उभं तर आहे की चांगलं!"

"बेल वाजव."

मी तोंडानं बेल वाजवली. तिनं मशीन सातव्या पायरीवर सोडलं नि दार उघडायला जावं तशी घाईनं उतरली. आमच्या घरांत प्लग खाली दाराजवळ, त्यामुळे वायर पायऱ्यांवरून लोंबत असते. तिचा पाय वायरीला लागला आणि मशीन धडधडत तिच्या मागे आलं. मी छातीवर झेललं म्हणून वाचली. वीस वेळा केलं आम्ही. अकरा वेळा मशीन खाली.

नोरीन पूर्वी ज्यांच्याकडे कामाला जायची, त्या अ‍ॅक्रॉइडबाईंचं असंच झालं होतं. पोस्टमन आला म्हणून उतरल्या, मागून मशीन आलं. खुबा मोडला. मग त्यांचा पलंगच खाली आणावा लागला, वरची खोली त्यांनी पुन्हा पाहिली नाही. जिन्याच्या पायथ्याशी पडलेल्या त्यांना पहिल्यांदा बघितलं ते नोरीननंच.

नोरीननं हे सांगितलं तेव्हा ग्लेडहिलसाहेब हसले. "अगं नोरीन, आपण धूळ मोजतो. बेल मोजत नाही."

"मग जिन्यासाठी पहिला नंबर देऊ नका."

"सगळ्यात जास्त धूळ यानंच ओढली. तूच ओढलीस ना?"

"ओढली. अहवालात पडतं तेपण लिहा, लगेच सही करते."

"हट्ट करू नकोस. तिकडे तपासायचे टोस्टर पडून आहेत, माहितीय ना?"

तिनं सही केली नाही. साहेबांच्या पुतण्यानं केली. मासिकात लाल मशीन पहिलं आलं, आणि आमची नोरीन दिवसभर पाव भाजायला बसली. जिन्यातली एवढी जाणती बाई, आणि पाव किती तांबूस झाला ते कागदावर लिहीत होती.

दोन वर्षांनी वाचकांची पत्रं आली. कुणाचा घोटा मोडला, कुणाचं मनगट. मग साहेबांनी कॉलेज शिकलेला क्राउदर आणला आणि जिन्यावर नवी तपासणी सुरू केली, मशीन पायरीवर टिकतं का याची. मी धावत नोरीनला बोलवायला गेलो. म्हटलं, जिंकलीस गं!

क्राउदरनं लाल मशीन सातव्या पायरीवर ठेवलं आणि लोखंडी दांडीनं हळूच ढोसलं. हललं नाही. त्यानं कागदावर बरोबरची खूण केली.

नोरीन म्हणाली, "वायर कुठाय याची?"

"काढून ठेवलीय बाई. इथे सारखी ये-जा असते. वायरीत पाय अडकून कुणी पडलं म्हणजे?"

मी साहेबांकडे बघितलं. ते खिशात चष्मा शोधत होते.

नोरीननं अंगावरचा एप्रन काढला आणि पहिल्या पायरीवर घडी करून ठेवला. "वॉल्टर, चल."

मी म्हटलं, "तू हो पुढे."

ती गेली. मला साहेबांनी हाक मारली, दुसरं मशीन वर न्यायचं होतं. मी नेलं.