भिंतीतून गेलेल्या सासूबाई

लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून, असं ज्याने म्हटलं त्याने अर्धंच सांगितलं. घर बांधणं सोपं असतं हो, नकाशा पाहावा ठरवून! माझं लग्न एका बैठकीत ठरलं होतं. नकाशा ठरायला पाच महिने लागले, आणि तेवढ्यात आम्ही चौघांनी एकमेकांशी जेवढा अबोला धरला तेवढा आधीच्या पंचवीस वर्षांत धरला नव्हता.

चौघं म्हणजे मी, माझा नवरा, कॉलेजात जाणारी लेक आणि सासूबाई. गोष्ट खरं तर सासूबाईंची आहे. पण मला मधे मधे बोलल्याशिवाय राहवत नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

सासूबाई टेलिफोन ऑपरेटर होत्या. माझ्या लेकीला हे सांगून पटत नाही, पण पूर्वी फोन उचलला की आधी एका बाईचा आवाज यायचा. तिला नंबर सांगायचा, मग ती समोरच्या बोर्डावर वायर खुपसून लाइन जोडून द्यायची. सासूबाईंनी हे काम अठ्ठावीस वर्षं केलं. गावात कोणाचं कोणाशी बिनसलंय, कोण कोणाला टाळतंय, सगळं त्यांच्या कानावरून जायचं आणि बाहेर एक शब्द नाही. "नोकरीच तोंड बंद ठेवायची होती," असं त्या म्हणतात. त्याची सगळी कसर त्यांनी निवृत्तीनंतर माझ्यावर भरून काढली.

चार वर्षांपूर्वी त्यांचे डोळे अधू झाले. उजेड कळतो, समोर कोणीतरी उभं आहे एवढं कळतं, कोण ते कळत नाही. पण तो माणूस बोलायचा अवकाश! आवाजावरून त्या माणूस तर ओळखतातच, त्याची झोप झालीय की नाही तेही सांगतात. एकदा लेक "मैत्रिणीकडे अभ्यासाला गेले होते" म्हणाली, तर आजी म्हणाल्या, "बाई गं, सिनेमा इतका वाईट होता का?" पोरीचा चेहरा बघण्यासारखा झाला.

माझा नवरा फरशी बसवतो. गावातल्या निम्म्या घरांची जमीन त्याच्या हाताखालून गेलीय आणि आम्ही मात्र भाड्याच्या दोन खोल्यांत, एक फुटी काळ्या फरशीवर. तीही दोन ठिकाणी फुटकी. मी बोलले की म्हणायचा, "आपलं घर होईल तेव्हा बघू." तेव्हा एकदाचं ते "तेव्हा" आलं. गावाबाहेर, रस्त्याला लागून एक जागा घेतली आणि इंजिनीअरने नकाशा काढून दिला.

नकाशा पाहून मी कपाळाला हात लावला. पुढे हॉल, असा की पोरांनी त्यात क्रिकेट खेळावं. आणि मागे कोपऱ्यात स्वयंपाकघर, असं की भांडं घासताना कोपर भिंतीवर आपटावं. मी म्हटलं, हा माणूस जेवतो की नाही? मग मी माझा नकाशा काढला, लेकीच्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर. मोठं स्वयंपाकघर, त्याला मोठी खिडकी, मधोमध टेबल. हॉल नावापुरता. लेक म्हणाली, "आई, हे घर आहे की खानावळ?" आणि तिने मोबाइलवर तिसराच काढला. त्यात तिची खोली गच्चीवर, घरातल्या सगळ्यांपासून जास्तीत जास्त लांब.

नवरा आधी माझ्या बाजूने होता. त्याचं एक शास्त्र आहे. तो म्हणतो, घर कळायचं असेल तर फरशी कुठे झिजलीय ते बघावं. "लोक हॉलवर जीव ओवाळून टाकतात, पण जुन्या घराची फरशी उखडायला गेलो की हॉलची कोरी करकरीत असते. झिजते ती स्वयंपाकघराच्या दारातली." मी मनातल्या मनात खिडकीला पडदेसुद्धा लावले होते.

आणि एका रविवारी त्याला काय बुद्धी झाली कोण जाणे, त्याने आमच्याच खोल्यांची फरशी तपासायला घेतली. खाली बसून, हात फिरवत. बराच वेळ उठेना म्हणून मी बघायला गेले, तर तो सासूबाईंच्या कॉटपाशी उकिडवा बसलेला. तिथून बाथरूमपर्यंत फरशीवर एक फिकट वाट पडली होती, दुसरी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. सासूबाई पाय उचलून चालत नाहीत, घासत चालतात, पायाने चाचपत.

"एकोणीस फरश्या बाथरूम, अकरा फरश्या स्वयंपाकघर," तो म्हणाला. "आईला हे घर पायांनी पाठ आहे. नव्या घरात ती हरवली तर? रोज बाथरूमला कोणाचा तरी हात धरून जायचं? ती मरेल गं त्याने."

दुसऱ्या दिवशी चौथा नकाशा आला. हुबेहूब जुन्या घराचा! मागच्या बाजूला सासूबाईंची कॉट, तिथून एकोणीस फूट बाथरूम, अकरा फूट स्वयंपाकघर. आणि ते अकरा फूट जमावेत म्हणून माझं स्वयंपाकघर जुन्याइतकंच अरुंद, आणि खिडकीच्या जागी लेकीच्या खोलीची भिंत.

आता यावर काय बोलणार? आईसाठी करतोय, डोळे भरून आलेत, अशा वेळी "माझी खिडकी" म्हणणारी बाई कशी दिसेल? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी "छान आहे" म्हटलं आणि तीन दिवस भांडी आपटली.

"भांडी का आपटतेस गं?" सासूबाईंनी विचारलं.

"आपटत नाही हो आई, हातातून निसटतात."

"तीन दिवस?"

मी नळ मोठा सोडला. त्यांना नकाशा नीट समजावून सांगितला होता. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "तुम्हाला बरं वाटेल ते करा." म्हातारी माणसं असं म्हणाली की सावध व्हावं, हे मला आज कळतं. तेव्हा मी माझ्याच रागात होते.

फरशीवाल्यांची एक रीत असते. सिमेंट कालवायच्या आधी सगळी फरशी कोरडी मांडून बघायची. कुठे तुकडा उरतो, कुठे रेघ वाकडी जाते ते तेव्हाच दिसतं, आणि चुकलं तर नुसती उचलायची. माझ्या नवऱ्याने घराचंही तसंच केलं. सोमवारी पाया खणायला माणसं येणार होती, तर रविवारी सकाळी याने रिकाम्या जागेवर दोरी ताणून पांढऱ्या फक्कीने अख्खं घर आखलं. दारांच्या जागी दोन दोन विटा. टेम्पोत घालून सासूबाईंची कॉटसुद्धा आणली. इंजिनीअर म्हणाला, "असं कोणी करत नाही." नवरा म्हणाला, "आम्ही करतो."

सासूबाईंना कॉटवर बसवलं. "आई, आता ऊठ आणि बाथरूमला जा."

"लोकांसमोर?"

"नुसतं चालत जा गं!"

त्या उठल्या. मोजून एकोणीस पावलं, उजवीकडे वळल्या आणि बरोब्बर दोन विटांच्या मधे उभ्या राहिल्या. लेकीने टाळ्या वाजवल्या. नवरा तर असा फुलला, जणू ताजमहाल त्यानेच बांधलाय. मागे फिरून कॉटपाशी आल्या आणि तिथून अकरा पावलांत स्वयंपाकघर. तेही जमलं. माझ्या खिडकीवर तिथल्या तिथे पाणी पडलं.

"आता कुठे जाऊ?" सासूबाईंनी विचारलं.

"कुठेही जा आई. तुझंच घर आहे."

त्यांनी मान जराशी तिरकी करून कानोसा घेतला. रस्त्यावरून सायकलची घंटी आली. आणि त्या सरळ तिकडे चालू लागल्या. माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून आरपार, लेकीच्या खोलीतून, तिच्या कपाटातून.

"आजी! भिंत! तू भिंतीतून चाललीस!" लेक किंचाळली.

"मग भिंत चुकलीय," सासूबाई म्हणाल्या आणि चालतच राहिल्या.

रस्त्याच्या कडेला, जिथे जिना येणार होता तिथे त्या थांबल्या. "मला खुर्ची द्या." लेकीने खुर्ची नेली. पदर सारखा करून त्या अशा बसल्या की जणू ड्युटी सुरू झाली.

तेवढ्यात तो सायकलवाला थांबला. साठीचा गृहस्थ, डोक्यावर केस नावाला. "काय, घर बांधताय वाटतं?" त्याने आम्हाला विचारलं.

आम्ही तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "दोनशे सतरा?"

तो बघतच राहिला. मला वाटलं, झालं, आता हा म्हातारीला वेड लागलं म्हणणार.

"दोनशे सतरा. लाकडाची वखार. रोज सकाळी नऊ वाजता तुझा फोन. 'बाई, जरा लवकर जोडा हो, वडील ओरडतायत.' आवाज जाड झालाय तुझा, पण घाई तीच आहे."

"ऑपरेटरबाई!" त्याने सायकल तिथेच टाकली. स्टँडवर लावली नाही हो, टाकली! "अहो, तुम्ही आहात? आम्हाला वाटलं..." काय वाटलं होतं ते त्याने गिळलं. मग अर्धा तास दोघं बोलत होती. वखार गेली, आता मुलाचं फर्निचरचं दुकान आहे, दोनशे अठरावाला डॉक्टर मुलाकडे राहायला गेला, तीनशे चारवाल्या बाईंनी शेवटी त्याच माणसाशी लग्न केलं. सासूबाई इतक्या मोठ्याने हसल्या की मी दचकले. तसं हसताना मी त्यांना किती वर्षांत ऐकलं नव्हतं, ते त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं आणि मला कसंतरीच झालं.

तो गेला. सासूबाईंनी खुर्चीचे हात थोपटले. "तर माझी खोली इथे."

"अगं आई, इथे जिना आहे," नवरा म्हणाला. "आणि तुझी पावलं? तुझ्यासाठीच तर मी सगळं जुन्यासारखं..."

"अरे, सहाशे नंबर पाठ होते मला. चार दारं पाठ होणार नाहीत?"

"पडलीस तर?"

"तर पडेन. उठेनही." मग त्यांचा आवाज खाली आला. "दार वाजलं की तुम्ही तिघं धावता. मी पडू नये म्हणून, माहीत आहे मला. चार वर्षांत मी एकदा दार उघडलं नाही. माणूस आत येतो, मी तिथेच कॉटवर बसलेली असते, आणि तो तुम्हाला विचारतो, 'आजी कशा आहेत?' तुम्ही सांगता, 'बऱ्या आहेत.' अरे, मला विचारा ना! अख्ख्या गावाला मी आत घ्यायचे, माझ्याशिवाय कोणी कोणाशी बोलत नव्हतं. आता मला परत त्याच मागच्या कोपऱ्यात ठेवणार, आणि म्हणे आईसाठी!"

मला रडूच आलं. कारण "तुम्ही बसा आई, मी बघते," हे सगळ्यात जास्त वेळा म्हणणारी मीच. प्रेमानेच म्हणत होते, देवाशपथ. पण प्रेमाने म्हटलं तरी माणूस बसूनच राहतं.

"आणि हिच्या स्वयंपाकघराला खिडकी दे," सासूबाई लेकाला म्हणाल्या. "नाहीतर घर होईपर्यंत सगळी भांडी पोचे पडलेली असतील."

रडता रडता मी फिस्सकन हसले. नवरा मात्र खाली बघत उभा होता. एवढी मोजून मापून केलेली माया वाया गेली, तर कोणाला वाईट वाटणार नाही? मग त्याने चप्पल काढली आणि पायाने फक्कीच्या रेघा पुसायला लागला. एक भिंत, दुसरी भिंत. "कोरड्या मांडणीला काय जातंय," तो स्वतःशीच पुटपुटला आणि त्याने नाक ओढलं. संध्याकाळपर्यंत नवं घर आखून झालं. जिना आत, रस्त्याकडे सासूबाईंची खोली, तिला लागून मुख्य दार. हॉल इतका छोटा की इंजिनीअरने आमच्याकडे बघणंच सोडून दिलं. लेकीला गच्ची मिळाली नाही, म्हणून ती दोन दिवस फुगून बसली.

अकरा महिन्यांनी राहायला आलो. सासूबाई पाठांतराला लागल्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी दोनदा गुडघा आपटला आणि एकदा बाथरूम समजून लेकीच्या खोलीत शिरल्या. वर तिलाच म्हणाल्या, "इथे बसून अभ्यास करतात का?"

आठव्या दिवशी दुपारी दार वाजलं. मी खिडकीशी भांडी पुसत होते, हातातलं तसंच ठेवून निघाले. नवऱ्याने माझा दंड धरला. लेक तिच्या दारात अर्धी बाहेर, अर्धी आत अशी थबकली. सासूबाईंच्या खोलीतून पाय घासत चालल्याचा आवाज आला. मग काहीतरी धप्पकन आदळलं आणि त्या "मेलं ते स्टूल!" म्हणाल्या. नवऱ्याची पकड इतकी घट्ट झाली की माझा दंड दुखायला लागला, पण तो जागचा हलला नाही. कडी निघायला वेळ लागला. बाहेरच्या माणसाने पुन्हा दार वाजवलं आणि हाक मारली, "घरात कोणी आहे का?"

कडी निघाली.

"मी आहे," सासूबाई म्हणाल्या. "बोला, कोण हवंय?"